भुलीचे थेंब डॉक्टर घरी का देत नाहीत?

दिवसभर वेल्डिंग केलेल्या माणसाचे डोळे रात्री दहा-अकराच्या सुमारास अचानक पेटल्यासारखे होतात. मूठभर वाळू डोळ्यात टाकावी तसं खुपतं, दिव्याचा उजेड सहन होत नाही, पाण्याच्या धारा लागतात. ग्राइंडरवरून उडालेला लोखंडाचा कण बुब्बुळात रुतला, तरी गत हीच. रात्र कशीबशी काढून तो सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात जातो. डॉक्टर तपासायला म्हणून एक थेंब टाकतात आणि वीस-तीस सेकंदांत दुखणं गायब! साहजिकच तो म्हणतो, "डॉक्टर, हेच औषध लिहून द्या की." त्यावर डॉक्टर मात्र ठामपणे नाही म्हणतात.

रुग्णाला हा नकार विचित्र वाटतो. इतकं गुणकारी औषध समोर असताना आपल्याला नुसते अश्रूंसारखे थेंब आणि गोळ्या का देतायत? काही जण मग औषधाच्या दुकानातून किंवा ओळखीच्या कुणाकडून ती बाटली मिळवतात. पुढे आठ-पंधरा दिवसांनी त्यांतले काही परत येतात, तेव्हा डोळा लाल झालेला असतो आणि काळ्या भागावर पांढुरकी साय धरलेली असते. आपल्याकडे याला 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात.

दुखणं थांबवणारा थेंब डोळ्याची काच गढूळ कसा करू शकतो, हे या लेखात समजून घेऊ. त्यासाठी आधी एक उलटा प्रश्न विचारावा लागेल: ही काच मुळात स्वच्छ राहते कशी?

पारदर्शक असणं इतकं सोपं नाही

डोळ्याच्या पुढच्या बाजूला, रंगीत पडद्याच्या वर, घड्याळाच्या काचेसारखा एक गोलसर पापुद्रा असतो. तो म्हणजे कॉर्निया. त्याची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून पडद्यावर गोळा करण्याचं जवळजवळ दोन-तृतीयांश काम हा पापुद्रा करतो. उरलेलं काम आतलं भिंग करतं.

आता गंमत बघा. कॉर्नियाचा मोठा भाग, म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के जाडी, कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी आणि पाण्याने बनलेली असते. डोळ्याचा पांढरा भागही कोलॅजनचाच असतो. मग एक पांढराशुभ्र आणि दुसरा आरपार दिसणारा, असं का?

थंडीत खोबरेल तेलाची बाटली आठवा. तेल पातळ असतं तेव्हा बाटलीच्या पलीकडचं दिसतं. गोठलं की तेच तेल पांढरं होतं. त्यात कुणी रंग मिसळलेला नसतो. बदलते ती आतली मांडणी, आणि मांडणी बदलली की प्रकाश सरळ जाण्याऐवजी वाटेल तिकडे विखुरतो. विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरा दिसतो.

कॉर्नियातले धागे अतिशय बारीक, साधारण ३० नॅनोमीटर जाडीचे असतात. ते सगळे एकसारख्या जाडीचे आणि एकमेकांपासून जवळपास सारख्या अंतरावर असतात. डेव्हिड मॉरिस या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये याचं गणित मांडलं: प्रत्येक धागा थोडा प्रकाश विखुरतो खरा, पण धाग्यांच्या नेमक्या मांडणीमुळे आजूबाजूला विखुरलेल्या लहरी एकमेकींना खोडून काढतात आणि सरळ पुढे जाणारा प्रकाश तेवढा उरतो. ही मांडणी अगदी काटेकोर जाळीसारखी असायलाच हवी असं नाही, हे पुढच्या संशोधनात दिसलं. पण धाग्यांमधलं अंतर कमी-अधिक व्हायला लागलं की खोडाखोड फसते आणि कॉर्निया धुरकट होतो, हा मूळ मुद्दा टिकून आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागातले धागे जाड-बारीक आणि अस्ताव्यस्त असतात, म्हणून तो पांढरा दिसतो.

हे अंतर बिघडवणारा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पाणी.

तळघर, झिरप आणि पंप

धाग्यांच्या मधल्या जागेत पाणी शोषून घेणारे रेणू असतात. पाण्यात टाकलेला सब्जा फुगतो, तसा कॉर्नियाचा हा मधला थर मोकळा सोडला तर पाणी ओढून फुगतच राहतो. फुगला की धागे लांब जातात, मध्ये पाण्याची डबकी होतात आणि काच गढूळ होते.

पावसाळ्यात तळघर असलेल्या इमारतीची अवस्था अशीच असते. भिंतींमधून पाणी झिरपतच राहणार. तळघर कोरडं ठेवायचं तर दोन गोष्टी लागतात: झिरप कमी करणाऱ्या भिंती आणि सतत चालणारा पंप. कॉर्नियाकडे दोन्ही आहेत.

वरच्या बाजूला एपिथेलियम नावाचा थर असतो. यात पेशींचे पाच ते सात पदर असतात, पण एकूण जाडी जेमतेम ५० मायक्रॉन. वरच्या पदरातल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, त्यामुळे अश्रूंचं पाणी आणि जंतू आत शिरू शकत नाहीत. या थरावर अश्रूंचा पातळ लेप असतो आणि प्रत्येक पापणी मिटताना तो नव्याने सारवला जातो. हा लेप गुळगुळीत असेल तरच प्रतिमा स्वच्छ पडते. वरच्या पेशी झिजतात, गळतात आणि साधारण सात ते दहा दिवसांत हा सगळा थर नवा होतो.

आतल्या बाजूला एंडोथेलियम नावाचा एकाच पेशीच्या जाडीचा थर असतो. हा आपला पंप. त्याच्या पेशी सोडियम-पोटॅशियमची ने-आण करून आत झिरपलेलं पाणी अखंड उपसत असतात, आणि त्यासाठी भरपूर ऊर्जा खर्च करतात. तरुण-मध्यम वयात या पेशी एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण अडीच ते तीन हजार असतात. माणसात त्या मेल्या तर त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून जागा भरून काढतात, एवढंच. संख्या खूप घटली, म्हणजे पाचशेच्या आसपास किंवा त्याखाली गेली, की पंप कमी पडतो आणि कॉर्निया कायमचा सुजतो.

थोडक्यात, खिडकीची काच एकदा बसवली की आपोआप स्वच्छ राहते, तसं कॉर्नियाचं नाही. त्याची पारदर्शकता म्हणजे दर क्षणी चाललेलं काम आहे. वर भिंत शाबूत हवी, लेप वेळेवर सारवला जायला हवा, आत पंप चालू हवा. आता या कामात भुलीचा थेंब नेमका कुठे लुडबुड करतो ते बघू.

भूल चढते म्हणजे काय होतं?

डोळ्यावर भूल देण्याची सुरुवात १८८४ मध्ये व्हिएन्नात झाली. कार्ल कोलर नावाचा सव्वीस वर्षांचा डॉक्टर तिथे काम करत होता. त्याचा सहकारी सिग्मंड फ्रॉइड, पुढे मनोविश्लेषणासाठी जगप्रसिद्ध झालेला तोच, तेव्हा कोकेनच्या गुणधर्मांचा अभ्यास करत होता. कोकेनने जीभ बधिर होते हे माहीत होतं. मग डोळा का होणार नाही, असं कोलरच्या मनात आलं. त्याने बेडकाच्या, मग सशाच्या आणि कुत्र्याच्या डोळ्यावर आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यावर ते करून बघितलं. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत हा शोध मांडला गेला. प्रवासाला पैसे नसल्याने कोलर स्वतः तिथे जाऊ शकला नाही, त्याचा निबंध दुसऱ्या डॉक्टरने वाचला. तोपर्यंत डोळ्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला जागेपणी वेदना सोसाव्या लागत होत्या.

पण कोकेनची दुसरी बाजूही लवकरच लक्षात आली. कोकेन टाकलेला कॉर्निया कोरडा आणि धुरकट होतो, वरचा थर सैल पडतो. तो इतका सैल पडतो की पुढे काही शल्यचिकित्सक खराब झालेला वरचा थर खरवडून काढण्याआधी मुद्दाम कोकेन वापरत. म्हणजे भूल आणि गढूळपणा यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. नंतर टेट्राकेन, लिडोकेन, प्रोपॅराकेन अशी नवी औषधं आली. आज तुमच्या डोळ्यात बहुतेक वेळा पडतो तो प्रोपॅराकेनचा ०.५ टक्क्याचा थेंब. कोकेनपेक्षा तो पुष्कळच सौम्य आहे, पण त्याची जातकुळी तीच.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, पण चेतातंतूंचं दाट जाळं असतं. शरीरातल्या सर्वांत संवेदनशील भागांमध्ये त्याची गणना होते, म्हणून बारीकसं कुसळही पहाडाएवढं वाटतं. चेतातंतूत संदेश धावतो तो सोडियमचे कण पेशीत घुसल्यामुळे. हे कण ज्या दारांतून आत येतात त्यांना सोडियम चॅनेल म्हणतात. भुलीचं औषध ही दारं बंद करतं. दार बंद, संदेश बंद, दुखणं बंद.

इथे एक बारकावा आहे आणि पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. हे औषध दाराला बाहेरून कडी घालत नाही. ते आधी पेशीच्या तेलकट आवरणातून आत झिरपतं आणि मग दार आतल्या बाजूने अडवतं. आवरणातून पार होणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. पण आवरण काही फक्त चेतातंतूंना नसतं, ते प्रत्येक पेशीला असतं. म्हणजे जे औषध चेतातंतूत शिरतं, ते शेजारच्या एपिथेलियमच्या पेशीतही शिरतं. तिथे दुखण्याचा संदेश नसतो, पण ऊर्जा बनवणारे कारखाने असतात, पेशीला आकार देणारा सांगाडा असतो आणि शेजारणीला धरून ठेवणारे सांधे असतात.

एका थेंबाने काय बिघडतं?

घाबरू नका, एका थेंबाने कायमचं काहीच बिघडत नाही. पण तात्पुरतं मात्र बरंच काही होतं.

डोळा बधिर झाला की पापणी कमी मिटते, कारण 'कोरडं पडतंय' हा निरोपच मेंदूला जात नाही. अश्रूही कमी येतात. लेप जागोजागी फाटतो. वरच्या पेशींचे सांधे थोडे सैल होतात, त्यांच्यावरची सूक्ष्म लव विस्कटते. अशा वेळी फ्लुरोसीन नावाचा केशरी रंग टाकून निळ्या उजेडात पाहिलं, तर कॉर्नियावर हिरवे बारीक ठिपके चमकताना दिसू शकतात. वरच्या थरात जिथे इजा झाली आहे, तिथे रंग धरतो. कॉर्नियाची जाडीही काही काळ काही मायक्रॉनने वाढू शकते, म्हणून जाडी मोजताना थेंब टाकल्यापासून किती वेळ झाला याचं भान ठेवावं लागतं.

हे सगळं काही मिनिटांत किंवा फार तर काही तासांत पूर्ववत होतं. डोळ्याचा दाब मोजणं, रुतलेला कण काढणं, टाका काढणं यासाठी तो थेंब वरदान आहे. भूल पंधरा-वीस मिनिटांत उतरते. तोपर्यंत डोळा चोळू नका, असं डॉक्टर बजावतात ते उगाच नाही. सैल पडलेला थर बोटाच्या घासण्याने खरवडला जाऊ शकतो, आणि तुम्हाला ते कळणारही नाही.

तोच थेंब पुन्हा पुन्हा टाकला तर?

समजा, वेल्डिंगमुळे कॉर्नियाचा वरचा थर भाजला आहे. काहीही न करता हा थर सहसा एक-दोन दिवसांत भरून येतो. जखमेच्या कडेच्या पेशी चपट्या होऊन मधल्या उघड्या जागेकडे सरकतात, मग त्यांची संख्या वाढते आणि थर पुन्हा जाड होतो. या सरकण्याला सांगाडा लागतो, ऊर्जा लागते.

भुलीचा थेंब दर तासा-दोन तासाला पडत असेल, तर ही सरकती पेशी जागच्या जागी अडते. जखम भरत नाही. भूल उतरली की उघडी जखम आधीपेक्षा जास्त ठणकते. माणूस पुन्हा थेंब टाकतो. हळूहळू थेंबाचा परिणाम कमी वेळ टिकायला लागतो, मग थेंबांमधलं अंतर कमी होतं. या चक्राचं सगळ्यात वाईट अंग असं, की औषध इजा करतंय हे सांगणारी वेदनाच औषधाने गप्प केलेली असते.

वरची भिंत कोसळली की पाणी आत शिरतं, मधला थर सुजतो, धाग्यांमधलं अंतर बिघडतं. शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं. त्या अनेकदा वर्तुळाकार साचतात आणि कॉर्नियात पांढरं कडं दिसू लागतं. हे कडं अकँथअमीबा या सूक्ष्मजीवाच्या संसर्गात दिसणाऱ्या कड्यासारखंच असतं, आणि दोन्हींत वेदना प्रचंड असतात. त्यामुळे रुग्णाने थेंबांची गोष्ट लपवली तर निदान भलतीकडेच जाऊ शकतं आणि जंतू नसतानाही जंतूंवरचे उपचार चालू राहतात. पुढे धागे विरघळून कॉर्निया पातळ होतो, कधी त्याला भोक पडतं. विषारी परिणाम आतल्या पंपापर्यंत पोचला तर नुकसान भरून येत नाही. जखम भरली तरी नवे धागे पूर्वीसारखे नीट रांगेत बसत नाहीत, आणि उरतो तो पांढरा डाग.

गुन्हेगार कोण: बधिरपणा की औषध?

इथे संशोधकाला पडणारा प्रश्न असा: कॉर्निया खराब होतो तो संवेदना गेल्यामुळे, की औषध पेशींना विषारी असल्यामुळे? थेंब टाकला की दोन्ही गोष्टी एकदमच होतात, मग त्या वेगळ्या करायच्या कशा?

एका बाजूचा पुरावा खूप जुना आहे. फ्रान्समध्ये फ्रांस्वा माजांदी याने १८२४ मध्ये प्राण्यांची चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी नस कापली. औषधाचा थेंबही न टाकता त्यांचा कॉर्निया गढूळ झाला, त्यावर व्रण पडले. माणसातही हेच दिसतं. नागीण डोळ्यापर्यंत पोचली, जुना मधुमेह असला, कुष्ठरोगात नसा मेल्या, मेंदूच्या शस्त्रक्रियेत ती नस दुखावली, तर बधिर झालेल्या कॉर्नियावर न भरणाऱ्या जखमा होऊ शकतात. कारण चेतातंतू नुसते निरोप्याचं काम करत नाहीत, ते एपिथेलियमला पोसणारी रसायनंही सोडतात. अशाच एका वाढ-घटकाचे थेंब (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर) या आजारावर उपचार म्हणून अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले. म्हणजे नुसता बधिरपणाही गुन्हेगार ठरू शकतो.

दुसऱ्या बाजूचा पुरावा प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतून येतो. कॉर्नियाच्या पेशी बशीत वाढवल्या तर तिथे चेतातंतू नसतात, पापण्या नसतात, अश्रू नसतात. तरीही भुलीचं औषध टाकलं की पेशी आक्रसतात, त्यांची ऊर्जा घटते आणि त्या मरतात. औषध जितकं तीव्र आणि जितका वेळ ठेवावं, तितक्या जास्त मरतात. म्हणजे औषधही गुन्हेगार आहेच. त्यात बाटलीतलं औषध टिकावं म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखं रसायन असेल, तर तेही पेशींच्या आवरणाला इजा करतं.

बधिरपणाने नुकसान व्हायला सहसा बराच काळ जावा लागतो, औषधाचा थेट मारा त्याहून लवकर जाणवतो. वारंवार थेंब टाकणाऱ्याच्या डोळ्यात दोन्ही एकमेकांना हातभार लावतात.

डोळ्याच्या आत सोडलं तर?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत आता अनेकदा सुई टोचून भूल देत नाहीत, थेंबांवरच भागवतात. कधी जोडीला थोडं लिडोकेन कॉर्नियाच्या मागच्या पोकळीत सोडतात. ही पोकळी जेमतेम पाव मिलिलिटरची, आणि तिची एक भिंत म्हणजेच आपला पंप, एंडोथेलियम. वरून टाकलेल्या थेंबाला एपिथेलियमची भिंत अडवते. इथे मध्ये काहीच नाही.

त्यामुळे कोणतं औषध, किती तीव्र आणि त्यात आणखी काय मिसळलंय, याला इथे फार महत्त्व येतं. १९९० च्या दशकात सशांवर झालेल्या प्रयोगांत, वरून टाकायची नेहमीची भुलीची औषधं थेट या पोकळीत सोडून पाहिली. कॉर्निया जाड झाला आणि गढूळही झाला. नुसतं क्षारांचं संतुलित द्रावण सोडलं तेव्हा तसं झालं नाही. दुसरीकडे, टिकवण्याची रसायनं नसलेलं १ टक्क्याचं लिडोकेन थोड्या प्रमाणात वापरलं, तर पंपाच्या पेशींचं लक्षणीय नुकसान होत नाही, असं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलं. म्हणून शस्त्रक्रियेत तेच वापरतात आणि नंतर ते धुऊन काढतात. नाव एकच, 'लिडोकेन', पण दोन बाटल्यांमध्ये केवढा फरक!

शस्त्रक्रियेत कॉर्नियाच्या स्वच्छतेचा आणखी एक संबंध आहे. सर्जन सूक्ष्मदर्शकातून जे बघतो ते याच काचेतून. लांबलेल्या शस्त्रक्रियेत एपिथेलियम सुजून धुरकट झालं, तर आतली नाजूक पटलं नीट दिसत नाहीत. पडद्याच्या शस्त्रक्रियेत तर कधी कधी धुरकट झालेला वरचा थर खरवडून काढूनच पुढे जावं लागतं. म्हणून टेबलावर पडल्या पडल्या तुमच्या डोळ्यावर कुणीतरी सारखं पाणी किंवा जेल सोडत असतं.

'कधीच देऊ नका' हे तरी बरोबर का?

याबाबतीत सध्या खरोखर मतभेद आहेत. बहुतेक नेत्रतज्ज्ञ घरी थेंब देण्याच्या ठाम विरोधात असतात, कारण बिघडलेले डोळे त्यांच्याकडेच येतात. तातडीच्या विभागातले डॉक्टर म्हणतात, साधा ओरखडा एक-दोन दिवसांत भरतो, मग तेवढ्यापुरतं रुग्णाला तळमळत का ठेवायचं? अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या संघटनेने २०२४ मध्ये अशी भूमिका घेतली, की फक्त साध्या ओरखड्यासाठी, जास्तीत जास्त २४ तास आणि अगदी थोडंसंच औषध हातात देऊन हे करता येईल.

दोन्ही बाजू नीट ऐकल्या तर विरोधाभास वाटतो तेवढा नाही. पेशींवरचा परिणाम मात्रेवर आणि वेळेवर अवलंबून असतो, हे दोघांनाही मान्य आहे. प्रश्न आहे तो बाटलीचा. संपणारी दीड-दोन मिलिलिटरची कुपी आणि महिनाभर पुरणारी पाच मिलिलिटरची बाटली यांत फरक पडतो. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला येणं हे अनेकांना खाडा करून, रोज बुडवूनच जमतं. अशा ठिकाणी 'चोवीस तासच टाका' या सूचनेवर विसंबणं डॉक्टरांना धोक्याचं वाटलं, तर नवल नाही.

मग दुखण्याचं काय? त्यावर उपाय आहेत. पोटातून घ्यायची वेदनाशामक गोळी, अश्रूंसारखे वंगणाचे थेंब, डोळ्याच्या आतले स्नायू सैल करणारे थेंब, गरज पडली तर जखमेवर पट्टीसारखी बसवायची मऊ कॉन्टॅक्ट लेन्स, आणि संसर्ग टाळायला प्रतिजैविक. यांतलं काहीच तीस सेकंदांत चमत्कार करत नाही. पण यांपैकी काय आणि किती लागेल हे डॉक्टरांनी ठरवलं, तर पेशींना सरकायला मोकळीक मिळते.

पुढची वाट

बधिरपणा आणि विषारीपणा वेगळे करता आले, तर दुखणं थांबवणारा पण काच न बिघडवणारा थेंब बनवता येईल का? एक धागा फुग्या माशातून मिळाला आहे. त्याच्यातलं टेट्रोडोटॉक्सिन हे भयंकर विष सोडियमचं दार बाहेरून बंद करतं, पेशीच्या आत शिरत नाही. सशांच्या डोळ्यांवर अतिशय सौम्य प्रमाणात ते वापरलं तेव्हा काही तास बधिरपणा टिकला आणि वरच्या थराचं भरून येणंही अडलं नाही. माणसांच्या रोजच्या वापरापासून हे अजून लांब आहे. पण 'कडी आतून की बाहेरून' या एवढ्याशा फरकाने किती काय बदलू शकतं, हे त्यातून दिसतं.

तोपर्यंत तुमच्या-आमच्या हातात आहे ते एवढंच. ग्राइंडर किंवा वेल्डिंगजवळ उभं राहायचं तर चष्मा किंवा ढाल लावूनच, मग ते पाच मिनिटांचं काम का असेना. डोळ्यात कण रुतला तर चोळायचं नाही, सुईने, काडीने किंवा जिभेने काढू द्यायचा नाही. भुलीच्या थेंबांची बाटली घरी, कारखान्याच्या प्रथमोपचार पेटीत किंवा खिशात ठेवायची नाही. आणि कुणी असे थेंब आधीच टाकत असेल, तर त्याला रागावू नका. ते लगेच थांबवायला सांगा, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या आणि बाटली सोबत न्या. डॉक्टरांना ती बाटली दिसली, तर निदानातले कित्येक दिवस वाचतात, आणि कॉर्नियासाठी तेवढे दिवस फार मोलाचे असतात.